जगनची दुपारची पाळी

या अंकाचे संपादक आमच्या दुकानात झेरॉक्स काढायला येतात. एकदा पानं मोजता मोजता म्हणाले, "हारूनभाऊ, एवढी वर्षं तुमी या काउंटरमागं बसून राह्यले. दोन-चार हृदयस्पर्शी अनुभव लिहा ना जी आमच्या दिवाळी अंकात." मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, ऑनलाइन सेवा केंद्रात हृदयाला काही होत नाही. अंगठा लावावा लागतो, आणि तोही यंत्राला निम्म्या वेळा पटत नाही.

तरी लिहितो आहे. तीन शहाणी माणसं एका नसलेल्या माणसापायी कशी वेडी झाली, त्याची ही हकीकत आहे. चौथा शहाणा काउंटरमागे बसून त्यांना हसत होता, त्याचीही आहे.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो. आरमोरीत माझं दुकान आहे. सुरुवातीला ते नेट कॅफे होतं. प्लायवूडचे आडोसे घातलेले सहा संगणक, आणि दारावर 'गप्पा मारू नये' अशी पाटी. पुढे प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आलं आणि सरकारनं जाहीर केलं की आता सगळी कामं घरबसल्या होतील. घरबसल्या म्हणजे माझ्या बाकड्यावर बसून. माणसं पहाटेची एसटी धरून जंगलातल्या गावातून यायची, घरबसल्या उत्पन्नाचा दाखला काढायला. मी त्यांचे फॉर्म भरायचो. फोटो लहान करायचा, सही मोठी करायची, 'पुढे जा' दाबायचं आणि मग वाट पाहायची. या धंद्यातलं निम्मं कौशल्य वाट पाहताना चेहरा कसा ठेवायचा यात आहे. दाखला निघाला की माणूस साहेबाचे आभार मानतो. नाही निघाला की माझ्याकडे बघतो.

एकेक गिऱ्हाईक असं यायचं, की हात टेकावेत. एक जण होणाऱ्या सुनेचं नाव कागदावर लिहून घेऊन आला. "हे टाकून पाहा बरं, काय निघते ते." दुसरा हत्तींनी धान तुडवलं म्हणून भरपाईचा फॉर्म भरायला आला. फॉर्मला नुकसानीचा फोटो जोडायचा असतो. यानं हत्तीचा फोटो आणला होता. जवळून काढलेला, सोंडेवरचे केस मोजता यावेत एवढ्या जवळून. मी म्हटलं, "अहो, तुडवलेल्या बांधीचा, शेताचा फोटो पाहिजे. हत्तीचा नाही." तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "काऊन जी? गुन्हेगाराचाच फोटो पाहिजे ना?"

असल्या लोकांत मला बरं वाटायचं. त्यांना निदान काहीतरी हवं असायचं. भरपाई, दाखला, सून. शेवटच्या आडोशामागे बसणाऱ्या त्या तिघांना काय हवं होतं, ते मला अनेक वर्षं कळलं नाही.

ते एक खेळ खेळायचे. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि हातभर लांब होतं. त्यात प्रत्येक नवा माणूस सुरुवातीला धुक्यातून एका दरीत उतरतो, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला 'दरी' म्हणायचे. ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जगभरातली माणसं आपापल्या गावात संगणकापुढे बसतात. प्रत्येकाचा एक बाहुला त्या दरीत हिंडतो, राक्षसांशी लढतो, जडीबुटी गोळा करतो, आणि दुसऱ्यांच्या बाहुल्यांशी टाइप करून बोलतो. कुणी जिंकत नाही, कारण खेळ कधी संपतच नाही. सरकारी पोर्टलसारखंच म्हणा ना, फक्त इथे लोक खुशीनं जात.

खेळाचं खातं मीच उघडून दिलं होतं. बाहुल्याला काय नाव द्यायचं, असं स्क्रीन विचारत होती. माझ्यासमोर कुणा जगनच्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स पडली होती. मी 'जगन' टाइप केलं आणि पुढे गेलो. मोबाइल नंबर माझा, ईमेल माझा, खातेदाराचं नावही माझंच टाकलं. आमच्या धंद्यात ही सवयच आहे. समोरच्याकडे ईमेल नसतो, नंबर असला तर रिचार्ज नसतो, म्हणून आम्ही आपलाच ठोकून देतो. त्यामुळे आजही माझ्या फोनवर अर्ध्या तालुक्याच्या आयुष्यातले निरोप येतात. कुणाच्या लेकराची लस राहिली, कुणाची शिष्यवृत्ती नामंजूर झाली, कुणाचा गॅस निघाला. मी ते वाचतो आणि पुसून टाकतो.

माझ्या सहा संगणकांपैकी एकच तो खेळ ओढू शकायचा. आणि खेळणारे तिघे. मग त्यांनी काय करावं? कॅनॉलच्या पाण्याची जशी पाळी लागते, तशा त्यांनी जगनच्या पाळ्या लावल्या. सकाळी गुरुजी, दुपारी मंगलाबाई, संध्याकाळी देवानंद. बाहुला एक आणि माणसं तीन. अख्ख्या जगात कुणी असं खेळत नसेल. बाकीचे खेळाडू आपापल्या बाहुल्याला घरच्या पोरासारखं जपतात, आणि आमचे लोक त्याला ट्रॅक्टरसारखं फिरवायचे.

गुरुजी म्हणजे निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. धोतर-टोपी नाही, सफारी आणि पेन. जगनला घेऊन ते जडीबुटी गोळा करायचे आणि प्रकारवार लावून ठेवायचे. कुणी मागितली तर द्यायचे नाहीत. देवानंद धान पिकवणारा, अंगानं आडवा, बोलण्यात तिखट. संध्याकाळी चिखलाचे पाय दारात झटकून यायचा आणि जगनला थेट मारामारीत घालायचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो येत नसे, तेव्हा त्याची पाळी गुरुजी सांभाळायचे आणि जगन दीड महिना अहिंसक व्हायचा.

मंगलाबाई अंगणवाडीत मदतनीस. खिचडी वाटून, भांडी घासून, एकच्या सुमारास यायची. घरी सांगून ठेवलं होतं, की अंगणवाडीची माहिती ऑनलाइन भरायला जाते. सुरुवातीला खरोखरच त्यासाठी यायची. एकदा माहितीचं पान उघडत नव्हतं आणि शेजारचा संगणक रिकामा होता, तिथून हे लागलं. तिला लढता यायचं नाही, जडीबुटीत रस नव्हता. ती जगनला घेऊन दरीच्या तोंडाशी उभी राहायची. नवा माणूस धुक्यातून उतरला की बावरतो, कुठे जायचं ते त्याला कळत नाही. त्याच्यापुढे ही दोन-तीन इंग्रजी शब्द टाइप करायची. 'फॉलो मी.' 'वेट.' 'नो फिअर.' एवढंच तिचं इंग्रजी, तेही खेळातच शिकलेलं. मग त्या माणसाला नदीवरच्या मोडक्या पुलापर्यंत नेऊन सोडायची आणि परत दरीच्या तोंडाशी यायची. रोज तेच. मी विचारायचो, "मंगलाबाई, यात तुम्हाला काय मिळते?" ती म्हणायची, "काई नाई भाऊ. पोहोचते ना तो, तेच."

शुक्रवारी मी नमाजला जायचो तेव्हा दुकान तिच्याच भरवशावर असायचं. गल्ला, चाव्या, गिऱ्हाईक, सगळं. एवढं मी तिला ओळखत होतो.

आता दरीतल्या बाकीच्या लोकांना हे तिघे एकच माणूस वाटायचे. त्यांनी जगनबद्दल काय काय रचलं होतं! जगन सकाळी कंजूष असतो, दुपारी साधू होतो, सूर्य कलला की खवळतो. कुणीतरी लिहिलं होतं, की हा फार खोल माणूस असला पाहिजे. मला ते वाचून ठसका लागला. खोल माणूस! एका पाळीत पेन्शनर, दुसऱ्या पाळीत खिचडी आणि तिसऱ्या पाळीत चिखल.

मग एक दिवस माझ्या ईमेलवर कंपनीचं पत्र आलं. खेळ बंद होणार. मी तिघांना बसवून मराठीत वाचून दाखवलं. पत्रात 'कुटुंब' हा शब्द फार वेळा होता. आपण सारे एक कुटुंब आहोत, या कुटुंबानं आम्हाला खूप प्रेम दिलं, जड अंतःकरणानं आम्ही अमुक तारखेला सर्व्हर बंद करत आहोत. एवढ्या गोड भाषेत घराबाहेर काढणारं कुटुंब मी पाहिलं नव्हतं. तहसील कार्यालयाची नोटीस निदान सरळ असते, खाली कलम असतं, त्याखाली सही असते.

लोकांनी मग जे केलं ते पाहून मला किळस यायची, खोटं कशाला बोलू. खेळाच्या पानावर मोठमोठ्या शहरांतल्या, चांगल्या नोकऱ्यांतल्या माणसांनी गळा काढला होता. एक म्हणे, माझं बालपण हिरावून घेतलं. दुसऱ्यानं दरीत मेणबत्त्या लावल्या. खोट्या दरीत खोट्या मेणबत्त्या, आणि त्यांचा खरा फोटो काढून टाकला. आमच्या आसपासच्या गावांत वाघाच्या भीतीनं माणसं सरपणाला जायची थांबलीत, आणि यांना एक चित्र बंद होणार म्हणून जेवण जात नव्हतं.

माझे तिघेही काही कमी नव्हते. देवानंदनं मोबाइलवर दुसरा खेळ उतरवून पाहिला, दोन दिवसांत वैतागला, आणि फोन असा आपटला की काच बदलायला मलाच ब्रह्मपुरीला पाठवावा लागला. गुरुजींनी अर्ज लिहिला. मा. जिल्हाधिकारी साहेब, विषय: ऑनलाइन खेळ बंद न करणेबाबत. खाली 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' म्हणून चार कार्यालयं. मी म्हटलं, "गुरुजी, कंपनी परदेशात आहे." ते म्हणाले, "म्हणूनच तर वरच्या पातळीवरून गेलं पाहिजे." तो अर्ज त्यांनी रजिस्टर एडीनं पाठवला आणि पोचपावती माझ्याकडून लॅमिनेट करून घेतली. त्याबरोबर जगनचाही एक रंगीत फोटो लॅमिनेट करून घेतला, आधार कार्डाच्या मापाचा. खिशात ठेवायचे.

मंगलाबाईनं काहीच केलं नाही. रोज येऊन दरीच्या तोंडाशी उभी राहायची. पण कंपनीनं नवी खाती बंद केली होती, त्यामुळे धुक्यातून कुणी उतरतच नव्हतं. दीड-दीड तास ती मोकळ्या धुक्याकडे बघत बसायची. एकदा मी चहा द्यायला गेलो तर म्हणाली, "नवीन कोणी येत नाई भाऊ." मी म्हटलं, "बंद पडणाऱ्या दुकानात कोण येईल बाई?" मला वाटलं मी फार हुशारीचं बोललो.

मग कंपनीचं दुसरं पत्र आलं. दहा वर्षांहून जुने जे बाहुले होते, त्यांची नावं एका कायमच्या पानावर कोरणार होते. खेळ गेला तरी ते पान इंटरनेटवर राहणार. बाहुल्याचं नाव, आणि पुढे तो खेळणाऱ्या माणसाचं खरं नाव, गाव. एका बाहुल्यामागे एकच नाव. खेळलेल्या तासांच्या हिशेबानं आमचा जगन त्या यादीत फार वर होता, कारण इतर खेळाडू झोपायचे, लग्नं करायचे, परीक्षा द्यायचे, आणि आमच्या जगनला तिघांनी कधी बसूच दिलं नव्हतं.

त्या पानावर नाव आधीच छापून आलं होतं. जगन. खेळाडू: हारून, आरमोरी. मी ज्या नावानं खातं उघडलं तेच. चुकीचं असेल तर खेळ बंद व्हायच्या आत दुरुस्त करा, म्हणून लिहिलं होतं. नोंदणीतल्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो टाकून नवं नाव लिहायचं. दोन मिनिटांचं काम, माझ्या हातचा मळ.

नाव कुणाचं यावरून दुकानात जी जुंपली, ती गिऱ्हाइकांनी बाकड्यावर सरकून सरकून ऐकली.

"वयानं मी मोठा," गुरुजी म्हणाले, "आणि रोज सकाळी त्याले उठवतो कोण? मीच ना?"

"उठवून करता का जी तुमी? पाला गोया करता!" देवानंद म्हणाला. "तो काया राक्षस कोणं मारला? माह्या हातानं मेला तो. एकवीस दिवस लागले मले."

"अन् रोवणीत दीड महिना तू गायब राह्यतो, तवा कोण सांभाळते त्याले?"

"त मी काय धान सोडून इथी बसू? तुमाले पेन्शन आहे, मले बांधी आहे!"

गुरुजींनी खिशातला जगनचा फोटो काढून काउंटरवर आपटला, जसा काही तो सातबारा होता. दोघं चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मंगलाबाईचं नाव कुणी घेतलंही नाही, तिनंही नाही. मी मध्ये बसून मजा बघत होतो. दोन बायाबापड्यांनी नळावर भांडावं तसे हे दोन पुरुष एका चित्रासाठी भांडत होते.

पाचव्या दिवशी त्या पानावर एक नवी सोय आली. प्रत्येक नावाखाली इतर खेळाडूंना निरोप लिहिता येऊ लागला. जगनच्या खाली इतके निरोप आले की मला पान खाली खाली ओढावं लागलं. सगळे इंग्रजीत. संध्याकाळ होती, गुरुजी आणि देवानंद दोघंही पाठ फिरवून बसलेले. मी म्हटलं, वाचून दाखवतो, काय काळा राक्षस आणि काय पाला ते एकदाचं कळू दे.

पहिला निरोप असा होता. मी पहिल्या दिवशी हरवलो होतो, जगन माझ्यासोबत पुलापर्यंत चालला. दुसरा: मला ओढ्यावरून उडी मारता येत नव्हती, जगन सगळी दुपार थांबला, एकदाही चिडला नाही. तिसरी एक मुलगी होती. तिनं लिहिलं होतं, टाळेबंदीत घरात एकटी होते, या खेळात आले तर समोर जगन उभा होता आणि म्हणाला, भीती नको. मी वाचत गेलो. पुढचा, त्याच्या पुढचा. राक्षस मारल्याचा एकही नाही. जडीबुटीचा तर एकच होता, तोही तक्रारीचा.

देवानंद खुर्ची फिरवून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "हे त सारं दुपारचं होय."

गुरुजींनी चष्मा काढून सफारीच्या टोकाला पुसला. "बाईचं नाव टाका हारूनभाऊ," ते म्हणाले. "माझी हरकत नाई. देवा, तुही?"

"माही कायची हरकत?" देवानंद म्हणाला. "टाका जी. लवकर टाका."

एवढी वर्षं मी त्या दोघांना हसलो. त्या संध्याकाळी मात्र हसण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून मी दुकान लवकर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलाबाईला सांगितलं. ती उभीच राहिली. "माह्यं? पानावर? कायमचं?"

"हो. पूर्ण नाव लिहायचं का? नवऱ्याचं नाव, आडनाव?"

तिनं विचार केला. तिचं नाव तोपर्यंत रेशनकार्डावर नवऱ्याच्या खाली, मतदार यादीत नवऱ्याच्या पुढे होतं, आणि अंगणवाडीच्या पाटीवर कुठेच नव्हतं. मदतनिसाचं लिहीत नाहीत. "नवऱ्याचं नको," ती म्हणाली. "बापाचं बी नको. नुसतं माह्यं. अन् गाव."

"घरी कळेल, बाई. इतकी वर्षं दुपारी काय करत होत्या ते."

"मंग कळू द्या," ती म्हणाली. हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे बघितलं.

नाव बदलायला सहा दिवस होते. पहिल्या दिवशी गर्दी होती. दुसऱ्या दिवशी लाइट नव्हती. ही कारणं खरी आहेत. तिसऱ्या दिवशी चार वाजता दुकान रिकामं झालं आणि मी ते पान उघडून बसलो. बदला, म्हणून दाबलं. ओटीपी माझ्या फोनवर आला. सहा आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते.

मी आधी नवे निरोप वाचावेत म्हणून पान खाली ओढलं. लोक आता बाहुल्याला नाही, पुढे छापलेल्या माणसाला लिहू लागले होते. प्रिय हारून, तुझे उपकार. हारून, आरमोरी कुठे आहे ते मी नकाशात शोधलं. हारून, तुझ्यासारखी माणसं कमी असतात.

आता हे ऐका, आणि हसायचं तर मला हसा. त्या काउंटरमागे मी आयुष्य घातलं. हजारो फॉर्म भरले, प्रत्येकात दुसऱ्याचं नाव. कुणाचं घरकुल झालं, कुणाची नोकरी लागली, आणि कुणी मागे वळून म्हटलं नाही, हारून, तुझे उपकार. आणि इथे कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते म्हणत होती. मला ठाऊक होतं की ते माझे नाहीत. खेळाला तर मी एकदाही हात लावला नव्हता. तरी मी वाचत राहिलो, आणि ओटीपीची मुदत संपली.

पुन्हा मागवता आला असता. चौथ्या दिवशी मागवता आला असता, पाचव्याही. रोज मी ते पान उघडायचो, निरोप वाचायचो आणि बंद करायचो. ज्या लोकांच्या खोट्या मेणबत्त्यांना मी नाक मुरडत होतो, त्यांच्याच पायरीवर मी जाऊन बसलो होतो. त्यांच्या मेणबत्त्या निदान त्यांच्या स्वतःच्या होत्या.

शेवटचा दिवस आला. कंपनीनं तिकडच्या सोयीनं वेळ ठरवली, ती आपल्याकडे दुपारी दीडला पडली. म्हणजे मंगलाबाईची पाळी. देवानंद मळणी सोडून आला, गुरुजीही आले, आणि दोघं तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. तिनं जगनला दरीच्या तोंडाशी नेलं. तिथे बरेच जण जमले होते, सगळे तिनं कधी ना कधी पुलापर्यंत नेलेले. ते वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे होते. ती काही टाइप करेल म्हणून थांबले होते. तिनं 'नो फिअर' लिहिलं. मग चित्र जागच्या जागी थिजलं, आणि संपर्क तुटल्याची ओळ आली. गुरुजी म्हणाले, "चला." देवानंद तोंड धुवायला बाहेर गेला.

मंगलाबाईनं माउस नीट जागेवर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, नाव लागलं ना?"

"लागलं," मी म्हणालो.

मग ती पान बघायला मागू लागली. मी सांगायचो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा खपतं. कुणी शंका घेत नाही. ती येत राहिली, मी सांगत राहिलो.

उलगडा देवानंदनं केला. त्याच्या भाच्यानं त्याला मोबाइलवर ते पान काढून दिलं. तो दुकानात आला, फोन माझ्यासमोर काउंटरवर ठेवला, मी बघेपर्यंत थांबला, फोन उचलला आणि गेला. त्याचे फॉर्म तेव्हापासून दुसरीकडे भरले जातात. गुरुजी अजून येतात, नमस्कार करतात, झेरॉक्स काढतात. गप्पा मारायला थांबत नाहीत.

मंगलाबाई आठवड्यानं आली, अंगणवाडीची माहिती भरायला. मी माहिती भरून दिली आणि म्हणालो, "बाई, ते नाव मी टाकलंच नाही. जमलं नाही असं नाही. टाकलं नाही."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्याच दिशी. 'लागलं' म्हनतानी तुमी माह्याकडं पाह्यलं नाई."

"मग रोज काऊन येत होत्या विचारायले?"

"म्हटलं, एखाद दिवस तुमी सांगान."

यंदा मी दुकान धाकट्या भावाच्या हाती दिलं. संपादकांचं बोलावणं आलं तेव्हा मला सुचलं, की ते पान आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही, कंपनीच उठून गेली, पण हा अंक तर छापतो. मी मंगलाबाईच्या गावी गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "खरं काय ते सगळं लिहितो. तुमचं नाव लिहितो, जसं पाहिजे होतं तसं, नुसतं तुमचं अन् गाव."

तिनं तांदळातला एक खडा वेचून ओट्याखाली टाकला.

"आता नको भाऊ," ती म्हणाली. "तवा पाहिजे होतं. आता टाकलं त मले नाव नाई भेटत, तुमाले माफी भेटते."

म्हणून वर सगळीकडे मी मंगला लिहिलं आहे. ते तिचं नाव नाही. देवानंदचंही बदललं आहे. माझं तेवढं खरं आहे.